बाबांचं बिर्ला

आमच्या घरी पावसात छत्री वापरायची वेळ फार उशिरा आली. लावणीच्या दिवसांत आम्ही पोरं खताच्या रिकाम्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ करायचो आणि ती डोक्यावरून पाठीवर सोडायचो. पाठीवर छापलेलं असायचं ‘जय किसान’. कुडाळकडच्या आमच्या वाडीत निम्म्या मळ्यात वाकलेल्या पाठींवर तीच अक्षरं. बाबा ती गोणी उलटी करून तिची शिवण बघायचे आणि म्हणायचे, “ही आमच्या बिर्लाची.” ते असे म्हणायचे की मला कितीतरी वर्षं वाटायचं, बिर्ला हे बाबांच्या मालकीचं एखादं गाव आहे.

खरं तर त्या गावाचं नाव झुआरीनगर. गोव्याच्या मुरगाव तालुक्यात, साकवाळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. के. के. बिर्लांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये झुआरी ॲग्रो केमिकल्स ही कंपनी निघाली, १९७३ मध्ये खताचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती वस्ती उभी राहिली. बसवाले, रिक्षावाले, दुकानदार, सगळे आजही त्या स्टॉपला ‘बिर्ला’च म्हणतात. बाबा तिथे एकविसाव्या वर्षी गेले. आधी बांधकामावर, मग ठेकेदाराकडून गोण्या भरायच्या खात्यात. १९७९ मध्ये आजोबा गेले आणि बाबा शेतीसाठी परत आले. त्यानंतर ते गोव्यात गेले ते देवदर्शनाला, दवाखान्याला, लग्नाला. बिर्लाकडे मात्र कधीच नाही.

गेल्या नोव्हेंबरात भातकापणी आटपली तेव्हा एका रात्री जेवताना ते सहज म्हणाले, “झिला, माका एकदा बिर्लाक न्हे.” बहात्तर वर्षांचा माणूस स्वतःसाठी काही मागत नाही तेव्हा अशा सहज बोलण्याकडे नीट लक्ष द्यावं लागतं. मी रविवार-सोमवार ठरवला. तिकडचं नौदलाचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून बिर्ला आणि ते रविवारी, बाकीचं सोमवारी, एवढाच काय तो आराखडा.

पहाटे पाचला निघालो. बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी, मांडवीवरचा अटल सेतू. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकाजवळ बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि हात जोडले. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात निःशस्त्र माणसांवर इथे गोळ्या चालल्या होत्या. आम्ही वर्षातून चार वेळा या रस्त्याने जातो, पण मी एकदाही उतरलो नव्हतो.

आगशीला आल्यावर बाबा सीटवर पुढे सरकले. समोर झुआरीवरचा नवा पूल, उंच खांबांवरून पंख्यासारख्या पसरलेल्या तारा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, वर्षभराने दुसरी. शेजारी १९८३ चा जुना पूल. बाबांच्या आठवणीत मात्र दोन्ही नव्हते. “हय धक्को होतो,” ते खाली पाण्याकडे बघत म्हणाले. “फेरीबोट चुकली काय कामार खाडो.” सुट्टीहून परतताना पत्र्याची ट्रंक घेऊन ते आगशीच्या धक्क्यावर बसायचे, नदी ओलांडून कुठ्ठाळीला उतरायचे आणि तिथून खच्चून भरलेल्या खासगी बसने वर. आम्ही पुलावरून दोनेक मिनिटांत पलीकडे पोचलो. बाबा काही बोलले नाहीत, फक्त मागे वळून बघत राहिले.

कुठ्ठाळीहून वास्कोच्या रस्त्याला लागलं की चढ सुरू होतो आणि सडा लागतो. तांबडा जांभा, खुरटी झुडपं, अधूनमधून कारखान्यांच्या भिंती. पोर्तुगिजांच्या वेळी इथे गुरं चरत असतील. आता एका बाजूला साकवाळची औद्योगिक वसाहत, पुढे उपासनगर, मग बिर्ला. दक्षिणेला काही अंतरावर वेर्णा औद्योगिक वसाहत, जिथे आमच्या तालुक्यातली निदान दोनशे पोरं औषधांच्या कंपन्यांत कामाला असतील, असा माझा अंदाज. सावंतवाडी-कुडाळकडच्या घरांत ‘मुलगा गोव्यात असतो’ म्हणजे बहुतेक वेळा समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, या सड्यावर असतो.

बिर्ला स्टॉपवर उतरलो. बाबांना काहीच ओळखू येईना. त्यांच्या वेळी चार टपऱ्या होत्या. आता दुकानांच्या रांगा, मोबाइलवाले, कानडी पाट्या, हिंदीत भाव करणाऱ्या बायका, भाजीच्या गाड्या. चहावाला विजापूरकडचा निघाला. त्याचे वडील इथे खडी फोडायला आले होते, तो इथेच जन्मला. तो माझ्याशी मराठीत बोलला, गिऱ्हाइकाशी कोकणीत, बायकोशी कानडीत. तरुण गाव असंच असतं. सगळे कुठूनतरी आलेले, त्यामुळे ‘तुम्ही इथले का’ असं कोणी विचारत नाही, ‘कुठले’ एवढंच विचारतात. बाबांना हे फार आवडलं. दोन चहा घेईपर्यंत त्यांनी चहावाल्याच्या वडिलांच्या मुकादमाचं नावसुद्धा काढलं.

कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिलो. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, हे आम्हाला माहीत होतं, आणि ते बरोबरच आहे. अमोनियाचा कारखाना म्हणजे बाजार नव्हे. २०२२ पासून हा कारखाना पारादीप फॉस्फेट्सकडे गेला आहे, ‘जय किसान’ हे नाव तसंच आहे. बाबा भिंतीलगतच्या सावलीत उभे राहिले आणि त्यांनी मला युरिया कसा होतो ते सांगितलं. सातवी शिकलेल्या माझ्या बापाने ते इतकं नीट सांगितलं की मी घरी आल्यावर पुस्तकात पडताळलं, आणि त्यात काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं.

आधी अमोनिया करायचा. मग अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड प्रचंड दाबाखाली एकत्र आणायचे, त्यातून युरियाचं पाणी होतं. ते आटवून त्याचा दाट रस करायचा. तो रस उंच मनोऱ्याच्या माथ्यावर चढवून चाळणीतून खाली सोडायचा. खालून वारा वर येत असतो. थेंब पडता पडता थंड होतो आणि तळाला पोचेपर्यंत त्याचा पांढरा दाणा झालेला असतो. म्हणजे पाऊसच, फक्त जमिनीला टेकण्याआधी गोठणारा. “हो पाऊस आमी कधी बघूक नाय,” बाबा म्हणाले, “पण तेचो भार आमी पाठीर घेतलो.”

त्यांचं खातं मनोऱ्यानंतरचं. गोणी तोंडाखाली धरायची, पन्नास किलो भरलं की काटा थांबायचा, यंत्राखाली सरकवून तोंड शिवायचं, मग पट्ट्यावरून रेल्वेच्या वाघिणीपर्यंत आणि तिथून पाठीवर. तिसऱ्या पाळीला डोळ्यांत अमोनिया चरचरायचा आणि हातांच्या भेगांत खत शिरायचं. तेव्हाची गोणी पन्नासची, आता पंचेचाळीसची. २०१८ मध्ये सरकारने युरियाच्या गोणीचं वजन कमी केलं, जेणेकरून शेतकरी हेक्टरी गोण्या मोजतो तेव्हा खत आपसूक कमी वापरलं जाईल. त्याआधी २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलात घोळवलेला येतो, तो मातीत सावकाश विरघळतो. गोणीमागचे पाच किलो कमी झाले तेव्हा गावात लोक कुरकुरले होते. बाबा एकटे म्हणाले होते, “हमालाचो तरी जीव वाचलो.” त्या वाक्याचा अर्थ मला त्या फाटकासमोर लागला.

जवळच २००४ मध्ये सुरू झालेलं बिट्स पिलानीचं आवार आहे. देशभरातली हुशार मुलं तिथे इंजिनिअर व्हायला येतात. गाडीतून बाहेरूनच बघितलं. पाठीला लॅपटॉपची बॅग लावून एक घोळका बिर्लाच्या दिशेने चालला होता, त्याच उतारावरून, ज्यावरून बाबा पाळीला जायचे.

दुपारी दाबोळीवरून बोगमाळोच्या रस्त्याला वळलो. नौदलाचं हवाई संग्रहालय याच रस्त्यावर, १९९८ पासून. गोव्यात येणाऱ्या आमच्याकडच्या लोकांनी हे चुकवू नये असं मी अगदी मनापासून सांगतो. उघड्या मैदानात खरी विमानं उभी आहेत, हात लांब केला तर पंखाला लागेल इतकी जवळ. विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडणारी सी हॉक इथे आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये याच जातीच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. अलिझे आहे, सी हॅरियर आहे, हेलिकॉप्टरं आहेत. आतल्या दालनांत विमानवाहू जहाजांचे नमुने, शस्त्रं, वैमानिकांचे पोशाख. पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं बाहेरच जास्त रमतात. उन्हाची टोपी मात्र न्यावी, मैदानात सावली कमी.

मैदानातलं सगळ्यात मोठं विमान म्हणजे चार पंख्यांचं सुपर कॉन्स्टलेशन. माशासारखी वाकलेली पाठ आणि मागे तीन शेपट्या. हे आधी एअर इंडियात होतं, मग हवाई दलात, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नौदलाकडे आलं, समुद्रावर पहारा ठेवायला. बाबा त्याच्यासमोर थबकले. मी माहितीचा फलक वाचून दाखवायला लागलो तर त्यांनी मला हाताने थांबवलं. “तीन शेपट्यांचा. ह्या आमच्या डोक्यारना जाय. रात्रपाळी सुटली काय ह्येचो आवाज.” दाबोळीची धावपट्टी आणि बिर्ला यांच्यात हवेतून अंतर ते किती? तिथे शाळेतली मुलं आली होती. त्यांच्या बाईंनी बाबांना मुलांना सांगायची विनंती केली आणि माझा बाप, जो ग्रामसभेत कधी उभा राहून बोलला नाही, तो पाच मिनिटं वीस मुलांना विमानाच्या आवाजाबद्दल सांगत होता.

संध्याकाळ बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेली. लहानसा किनारा, दोन्हीकडे डोंगर. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पाय दुखत होते आणि वाळू गार होती.

रात्री वास्कोत राहिलो. शहराच्या मध्यावर दामोदराचं देऊळ आहे. श्रावणात इथे भजनी सप्ताह होतो, चोवीस तास भजन थांबत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीचा रोग आला तेव्हा वास्कोच्या लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून श्रीफळ आणून इथे ठेवलं आणि सप्ताह सुरू झाला, अशी हकीकत सांगतात. बाबांनी चार श्रावण इथे टाळ वाजवले होते. पाळी सुटली की बिर्लाहून बस, पारावर भजन, पहाटे परत कामावर. जांबावलीचा दामोदरही मुळातला मडगावचा. म्हणजे मडगावहून जांबावलीला गेलेला देव श्रीफळाच्या रूपाने वास्कोला आला. हे मी एवढ्यासाठी सांगतो की दुसऱ्या दिवशी आम्ही जे बघितलं त्याची सुरुवात माझ्या मनात तिथे झाली.

सोमवारी पहाटे होलांतला गेलो. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, पण इथे किनारा असा वळला आहे की सकाळचं ऊन पाण्यावरून येतं. होड्या परतत होत्या. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले गरम उंडे आणि सुकी भाजी होडीच्या कडेला बसून खाल्ली.

मग साकवाळ गावात उतरलो. वर सड्यावरचं बिर्ला कालचं, पण खालचं साकवाळ, जुनं नाव शंखावली, शतकांचं. माडांची कुळागरं, जांभ्याची घरं आणि झुआरीचं पाणी. संत जोसेफ वाझ यांची आठवण हे गाव जपून आहे. १६५१ मध्ये बाणावलीत जन्मलेला हा माणूस साकवाळच्या घरातला. श्रीलंकेत लपतछपत काम करत तो तिथेच वारला, आणि जानेवारी २०१५ मध्ये पोपने कोलंबोत त्याला संतपद दिलं.

नदीकाठच्या मोकळ्या जागेत जुन्या चर्चची दर्शनी भिंत उभी आहे. एकच भिंत. बाकीचं चर्च एकोणिसाव्या शतकात आगीत गेलं. समोरून बघितलं तर खांब, कोनाडे, वेलबुट्टी, सगळं एवढं नाजूक की आत आता घंटा वाजेल असं वाटतं. बाजूने पाच पावलं चाललं की कळतं, मागे काहीच नाही, गवत आणि आभाळ. गोवा सरकारने तिला संरक्षित स्मारक केलं आहे. आमच्याखेरीज तिथे कोणी नव्हतं.

बाबा मात्र भिंत बघायला आले नव्हते. याच गावात एका खोलीत ते आणि अजून पाच जण भाड्याने राहायचे. घरमालकीण म्हातारी ख्रिस्ती बाई. सगळे तिला माय म्हणायचे. रविवारी ही पोरं नदीपलीकडे देवळांना जायला निघाली की माय आपल्या माडाचा सोललेला नारळ बाबांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “आमचो देव न्हंयपलतडीं गेला, ताका हो नाल्ल दी.” आमचा देव नदीपलीकडे गेलाय, त्याला हा नारळ दे. देव कोणता, तर लक्ष्मीनृसिंह.

हा इतिहास मला तुटक माहीत होता, पण त्या सकाळी नकाशा उघडला तेव्हा अंगावर आला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यातल्या सासष्टी भागातली देवळं पाडायला सुरुवात केली. तेव्हा मुरगावचा हा भागही सासष्टीतच. लोकांनी मूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून अंत्रुजात नेल्या, कारण फोंड्याकडचा तो मुलूख अजून आदिलशाहीत होता. १५६० मध्ये कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. १५६७ मध्ये साकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, साकवाळची विजयादुर्गा केरीला. आता ही मूळ गावं मोजा. कुठ्ठाळी, जिथे आज नवा पूल टेकतो. वेर्णा, जिथे औद्योगिक वसाहत आहे. साकवाळ, जिथे खताचा कारखाना. फोंड्याच्या ज्या देवळांना आमच्याकडून एसट्या भरून लोक जातात, त्यांतले कितीतरी देव ज्या पट्ट्यातून रात्रीत निघाले, त्याच पट्ट्यात आमची पोरं बॅग घेऊन उतरतात. दर्शनाला जाताना आपण या गावांवरून जातो आणि ‘इंडस्ट्रियल एरिया’ म्हणून काच वर करतो. मीही तेच करत आलो होतो.

मायचं घर सापडलं नाही. त्या जागी दोन मजली इमारत होती, दाराला कुलूप. विहीर ओळखू आली, तिचा कठडा तोच होता, आणि मागच्या बाजूला तीन माड. बाबा विहिरीपाशी बराच वेळ थांबले. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, त्यांनी कोकणीत चौकशी केली, बाबांनी मालवणीत उत्तर दिलं. माय १९९० च्या आधीच गेली, मुलं पोर्तुगालला, एवढं कळलं. बाई आम्हाला पाणी दिल्याशिवाय सोडेनात.

मी म्हटलं, आता पुलावरून फोंडा गाठू, दुपारच्या आत वेलिंगला पोचू. बाबा म्हणाले, “नको. फेरीन जाव्या.” आगशीची फेरी केव्हाच बंद झाली, पण कुठ्ठाळीहून मडकईला फेरीबोट अजून चालते. धक्क्याजवळच्या बाजारात त्यांनी एक नारळ घेतला. चार नारळ हलवून, कानाला लावून पाणी ऐकून मग घेतला.

फेरीबोट लोखंडी फळी आपटत टेकली. स्कूटरवाले, कामावरून परतणाऱ्या बायका, आमची एक गाडी. झुआरीचं जुनं नाव अघनाशिनी. पाणी इथे रुंद आणि संथ आहे, मागे नवा पूल तारांसकट उन्हात चमकत होता. बाबा कठड्याला टेकून उभे होते, नारळ छातीशी. मला सारखं वाटत होतं की अशाच पाण्यावरून, पण अंधारात, कोणीतरी कापडात गुंडाळलेली मूर्ती अशीच छातीशी धरून बसलं असेल आणि वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा चालला असेल.

मडकईहून नवदुर्गेला नमस्कार करून पुढे निघालो. म्हार्दोळला म्हाळसेच्या दारात जाईच्या वळेसऱ्या घेतल्या आणि तिथून आत वेलिंगला वळलो. मंगेशी-म्हार्दोळची गर्दी इथे नाही. डोंगराच्या कुशीत कौलारू देऊळ, आणि मागच्या अंगाला तळी. गोव्यात मी पाहिलेल्या तळ्यांत ही सगळ्यात सुंदर. वरून झऱ्याचं पाणी येतं, पायऱ्या हिरव्या शेवाळाच्या, आणि इतकी शांतता की नारळ खाली ठेवल्याचासुद्धा आवाज झाला. बाबांनी पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं.

आत भटजींनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घालण्यापूर्वी विचारलं, “कोणाच्या नांवान?”

मी आमच्या घराण्याचं नाव सांगायला तोंड उघडलं, तोच बाबा पुढे झाले.

“साकवाळच्या मायच्या नावान,” ते म्हणाले.

भटजींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि डोळे मिटून सुरुवात केली.